लिफाफ्याकडे लक्ष देऊ नको

शुभांगी आंबागडच्या बीटवर, तिला नेमून दिलेल्या जंगलपट्ट्यात, वनरक्षक होती. डिसेंबरात गस्तीवर असताना आंबागड किल्ल्याच्या मागच्या उतारावर दोन दगडांच्या बेचक्यात तिचा पाय अडकला, ती आडवी पडली आणि घोट्याचं हाड मोडलं. भंडाऱ्याला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि तीन महिने ड्यूटीचं नावही काढायचं नाही, असं बजावून तिला घरी पाठवलं. घर म्हणजे सिहोऱ्याचं आईवडिलांचं घर.

एकतीस वर्षांची, रोज बारा-पंधरा किलोमीटर पायी हिंडणारी ती बाई एकदम खाटेवर आली. पहिला आठवडा झोपेत गेला. दुसऱ्या आठवड्यात तिने छताची कवेलू मोजली. आई केशरबाई सकाळपासून कामात असायची, वडील सोमाजी उन्हाळी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायला बांधीत, धानाच्या खाचरात. बोलायला कोणी नव्हतं. शुभांगी चिडचिड करू लागली, चहा थंड आहे म्हणून आईवर, आवाज मोठा आहे म्हणून शेजारच्या टीव्हीवर.

अशात एका बुधवारी भुपेंद्र आला.

भुपेंद्र तिचा मामेभाऊ, तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. चिखल्याच्या खाणीत सर्व्हेच्या कामावर होता आणि तिथेच कॉलनीत राहायचा. बुधवारी त्याची सुट्टी. शुभांगीला मोटारसायकल त्यानेच शिकवली होती. वनरक्षकाच्या भरतीसाठी ती धावायची तयारी करत होती तेव्हा महिनाभर पहाटे रस्त्याच्या कडेला घड्याळ घेऊन तोच उभा राहायचा. "आज चार सेकंद कमी," असं म्हणायचा आणि ती खरंच चार सेकंदच असायची. तो खोटं कौतुक कधी करत नसे. म्हणून त्याने एखादी गोष्ट शिकवली की शुभांगी ती पुन्हा तपासत नसे.

त्याने पिशवीतून जुना लॅपटॉप काढला.

"हे घे. मी नवीन घेतला. याच्यात एक खेळ टाकून आणला तुझ्यासाठी."

"मी काय लहान पोरगी आहे का दादा?"

"लहान पोराईचा नाही हा. पाय तर पाय, डोकंही आखडून जाईल तुझं."

खेळाचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. भुपेंद्र त्याला नुसतं 'राज्य' म्हणायचा. पडदा उघडला तसा शुभांगीसमोर मधमाशीच्या पोळ्यासारख्या खणांचा एक नकाशा आला. नद्या, डोंगर, जंगल, काळी माती, लाल माती. चारही कडांना बारीक बारीक चित्रं आणि आकडे. धान्य किती, लाकूड किती, लोखंड किती, माणसं किती, माणसं खुश आहेत की नाही. तिला त्यातलं काहीच कळेना. कुठे बोट ठेवावं तर एक नवीनच पाटी उघडायची.

"एवढं सगळं एकाच माणसानं पाहायचं?"

"राजा आहेस ना तू. मग कोण पाहील?"

पहिल्या दिवशी तिने राजधानी रेताड माळावर वसवली, कारण तिथून चहूकडे दिसत होतं. तीन डावांत लोक उपाशी पडून निघून गेले. दुसऱ्यांदा तिने सगळं लोखंड सैन्यावर घातलं आणि सैन्याला खायला काही नव्हतं म्हणून सैन्यच फितूर झालं. तिसऱ्यांदा तिने मोठा तलाव बांधला. तो पावसाळ्यात फुटला आणि खालची दोन गावं वाहून गेली. सोमाजी तेव्हा मागे उभे राहून पाहत होते. त्यांना खेळ कळत नव्हता, पण तलाव कळला.

"पाळ बांधली अन् सांडवा नाही ठेवला?" ते म्हणाले. "जास्तीचं पाणी जाईल कुठून मग?"

शुभांगीने शोधलं. सांडव्यासाठी खरंच एक वेगळं बटण होतं. चौथ्या खेळात तलाव टिकला. त्या दिवशी ती पाय मोडल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवली.

नंतर तिला गोडी लागली. जंगल सरसकट तोडलं तर पाच वर्षांनी नदी आटते, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. डोंगराच्या पोटाशी बोड्या, म्हणजे लहान तळी, आणि खाली मोठा तलाव ठेवला की दुष्काळातही धान्य येतं, हेही ती लवकर शिकली. भुपेंद्र दर बुधवारी जेवायला यायचा. केशरबाई भाच्यासाठी लाखोरीच्या डाळीचे वडे करायची. ताट बाजूला सारून बहीण-भाऊ दुपारभर पडद्यासमोर बसायचे. तो समजावून सांगायचा, ती वहीत लिहून घ्यायची. बाकीचे सहा दिवस ती बुधवारची वाट पाहायची.

दुसऱ्याच बुधवारी तिने विचारलं होतं, "दादा, वरती कोपऱ्यात हे लिफाफ्यासारखं काय आहे? याच्यावर लाल आकडा येऊन राहिला."

"ते काही नाही. जाहिराती येतात खेळवाल्यांच्या. उघडलं की डाव लटकते. त्या लिफाफ्याकडे लक्ष देऊ नको."

तिने वहीत लिहिलं, 'लिफाफा – जाहिरात – उघडायचा नाही.'

जानेवारीत भुपेंद्र म्हणाला, "आता कंप्युटरसंग खेळणं पुरे झालं. आम्ही सहाजण मिळून खेळतो. एकाची जागा खाली झाली. येतेस का?"

"मले जमेल का?"

"मी आहे ना बाजूले."

या खेळाची रीत वेगळी होती. सहा माणसं, सहा राज्यं. प्रत्येकाने दिवसभरात केव्हाही आपले हुकूम द्यायचे. कुठे तलाव, कुठे रस्ता, सैन्य कोणीकडे. संध्याकाळी सहा वाजता सगळ्यांचे हुकूम एकदम उघडायचे आणि खेळातलं एक वर्ष पुढे सरकायचं. एक खेळाडू बालाघाटचा, दोन नागपूरचे, एक बाई गोंदियाची. शुभांगीचं राज्य हिरव्या रंगाचं. त्याला लागूनच दक्षिणेला भुपेंद्रचं, तांबडं.

पहिल्याच बुधवारी त्याने तिच्याशी करार केला. पडद्यावर इंग्रजीची एक लांब पाटी आली, खाली 'मंजूर'चं बटण. शुभांगी वाचायला लागली तसा तो म्हणाला, "हे वाचत बसशील तर सहा वाजतील. मैत्रीचा करार आहे. मी तुझ्यावर चाल करणार नाही, तू माझ्यावर करायची नाही."

तिने बटण दाबलं.

"आता आयक," तो नकाशावर बोट ठेवून म्हणाला. "तुझ्या उत्तरेले गोंदियाची रिता आहे. कॉलेजच्या लॅबमधी काम करते. गोड राहून गळा कापते ती बाई. पण तू सैन्यावर लोखंड वाया घालवू नको. तुझा हात पाण्यावर चांगला बसला, तू तलाव बांध, धान्य वाढव. तुझ्या गडांत माझं सैन्य ठेवतो. रिता आली तर पहिले माझ्याशी गाठ."

"तिले विचारून पाहू का, करार करते का म्हणून?"

"कसं विचारशील? या खेळात एकमेकाईसंग बोलायचं नसते."

शुभांगीने मान डोलावली. तिच्या तीन मोठ्या गडांत तांबडे झेंडे लागले. ती निश्चिंत झाली.

पुढचे पाच आठवडे तिच्या आयुष्यातले फार चांगले होते. बाहेरून पाहणाऱ्याला हे खरं वाटलं नसतं. पाय उशीवर, मांडीवर लॅपटॉप, केस विंचरलेले नाहीत. पण ती सकाळी उठली की तिच्या डोक्यात कामं तयार असायची. तिने आपल्या गावांना बीटवरच्या ठिकाणांची नावं दिली, झऱ्यांची, मोठ्या झाडांची, पाणवठ्यांची. एकेका गावाला पाट काढला. विसाव्या वर्षी तिच्याकडे सहा राज्यांत सगळ्यांत जास्त धान्य होतं. तिचे लोक सगळ्यांत खुश होते. सोमाजी संध्याकाळी बांधीतून आले की पाय धुता धुता विचारायचे, "आज किती तलाव झाले?" आणि ती आकडा सांगायची. एकदा त्यांनी घरी आलेल्या पाहुण्यालाही सांगितलं, "आमची शुभा कंप्युटरवर एकोणीस तलावाईची मालकीण आहे."

भुपेंद्रच्या राज्यात दुष्काळ पडला तेव्हा तिने न मागता धान्य पाठवलं. त्याचा फोन आला.

"एवढं कायले पाठवलं?"

"मले पुरून उरते दादा."

त्याने आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाला, "बरं केलं."

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार होता. प्लास्टर निघालं होतं, ती वॉकर घेऊन अंगणापर्यंत जायला लागली होती. सहा वाजता ती चहाचा कप घेऊन लॅपटॉपसमोर बसली. नकाशा उघडला. तिचे तिन्ही गड तांबडे होते.

तिला वाटलं खेळात काही बिघाड झाला. तिने लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. गड तांबडेच. गडांमधली कोठारं तांबडी, कोठारांतलं धान्य तांबडं. राजधानीच्या तिन्ही वाटांवर भुपेंद्रचं सैन्य उभं होतं. ते सैन्य तिनेच पाठवलेलं धान्य खाऊन तिथवर आलं होतं. तिच्याकडे सैन्य नव्हतंच.

तिने फोन लावला.

"दादा, माझ्या गडांवर तुझा रंग कसा आला?"

तो हसला. "बसला ना दणका?"

"माझ्याकडून काही चुकलं का?"

"नाही गं. तू एकदम बरोबर खेळली. हा खेळच असा आहे. पहिल्यांदा सगळेच हरतात. मीही हरलो होतो."

"पण आपला तर करार होता."

"करार मोडता येते. एक डाव आधी खबर द्यावं लागते फक्त."

"मले तर खबर नाही आली."

यावर तो म्हणाला की त्याला कोणीतरी बोलावतंय, नंतर बोलू. ती घाईने म्हणाली, "उद्या येऊन राहिला ना? आई वडे करते म्हणे."

"उद्या नाही जमत. शिफ्ट बदलली माझी."

त्या दिवशीही तिला त्याचा राग आला नव्हता. आपणच कुठेतरी मूर्खपणा केला, असं तिला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी राजधानी गेली. तिच्यासोबत बाकी गावंही गेली, उत्तरेच्या डोंगरातलं एक खेडं तेवढं हिरवं उरलं. गुरुवारी सकाळी करार आणि खबर हे काय प्रकरण आहे ते पाहावं म्हणून तिने खेळाचं माहितीपत्रक पहिल्यांदा उघडलं. शब्दकोश जवळ घेऊन ती तीन तास वाचत बसली. कराराचं दुसरं पान होतं. मित्राचं किती सैन्य आपल्या गडात येऊ द्यायचं हे तिथे ठरवता येत होतं. गड कोणाचा, ते करार मोडल्यावर आत कोणाचं सैन्य जास्त आहे त्यावर ठरतं, हेही तिथेच लिहिलं होतं. आणि त्याखाली एक ओळ होती. करार मोडण्याची खबर आणि बाकी राज्यांची पत्रं वरच्या कोपऱ्यातल्या लिफाफ्यात येतात.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. मग वर पाहिलं. लाल आकडा त्रेचाळीस होता.

तिने लिफाफा उघडला. डाव लटकला नाही. जाहिरात एकही नव्हती.

सगळ्यांत वर याच आठवड्यातल्या सोमवारची खबर होती: तांबड्या राज्याने तुमच्याशी केलेला करार उद्यापासून संपेल. त्याखाली सगळी पत्रं. बालाघाटवाल्याने लाकडाच्या बदल्यात धान्य मागितलं होतं. नागपूरच्या एकाने विचारलं होतं, एवढे तलाव कसे टिकवता, आम्हालाही सांगा. आणि चौदा पत्रं रिताची होती. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं साधं मराठी.

'नमस्कार. तुम्ही नवीन दिसता. शेजारी आहोत तर करार करू या का?'

'तुमचं उत्तर आलं नाही. घाई नाही.'

'तुमच्या तीन गडांत तांबडं सैन्य तुमच्यापेक्षा जास्त झालं आहे. तुम्हाला माहीत असेलच, तरी लिहिते. कराराचं दुसरं पान पाहून घ्या.'

'मी तुमच्यावर येणार नाही. माझं सैन्य सरहद्दीवर दिसतं ते तांबड्यासाठी आहे. तुम्ही म्हणाल तर तुमच्या गडांजवळ आणते.'

शेवटचं पत्र दहा दिवसांपूर्वीचं होतं. 'तुम्ही काहीच बोलत नाही, म्हणजे भुपेंद्रसोबतच आहात असं समजते. हरकत नाही. तलाव मात्र फार सुंदर बांधलेत.'

शुभांगीने वही काढली आणि मागची पानं उलटली. 'लिफाफा – जाहिरात – उघडायचा नाही.' वरती तारीख होती. तो दुसरा बुधवार होता. तेव्हा सहाजणांच्या खेळाची गोष्टही निघाली नव्हती. तेव्हा ती पाळ बांधून सांडवा विसरत होती.

मग तिच्या लक्षात यायला लागलं. पंधरा किलो तांदूळ चालेल का विचारत केशरबाईने त्याच्या मोटारसायकलला बांधून दिलेली पोतडी, वड्यांची ताटं, "मी आहे ना बाजूले" हे वाक्य, आणि दर बुधवारी तिचं आंघोळ करून लवकर तयार होणं. त्याला शेजारच्या जागेवर कोणीतरी हवं होतं. धान्य पिकवणारं, सैन्य न ठेवणारं आणि लिफाफा न उघडणारं. ते माणूस त्याने बुधवारमागून बुधवार बसून घडवलं.

केशरबाई दारात आली. "काय झालं वो? डोळे कायले लाल झाले?"

"काही नाही. हरली."

"मंग हरली त हरली. खेळच त आहे. भूपेंदरले सांग, तो शिकवल."

शुभांगीने काही सांगितलं नाही. सांगायला गेलं तर ते पोरकट वाटलं असतं. त्याने घरातलं काही नेलं नव्हतं, कोणाला शिवी दिली नव्हती. एका चित्रातला रंग बदलला होता, एवढंच.

तिने रिताला पत्र लिहिलं. 'मी आज पहिल्यांदा तुमची पत्रं वाचली. पत्रं येतात हे मला माहीत नव्हतं. माफ करा.'

रिताचं उत्तर तासाभरात आलं आणि त्यात फोन नंबर होता. शुभांगीने फोन केला. आवाज चाळिशीतल्या बाईचा होता, सर्दी झाल्यासारखा.

"मला खरंच वाटलं तुम्ही गर्विष्ठ आहात," रिता म्हणाली. "भुपेंद्रने सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. माझी बहीण येते आहे, तिचा पाय मोडला, वेळ घालवायला बसते. तिला काही लिहू नका, तिला एवढं समजत नाही, उत्तर देणार नाही."

"असं म्हणाला?"

"हो. मी तरी लिहीत राहिले. तलाव पाहून वाटलं नाही की समजत नसेल."

शुभांगीने फोन ठेवला. गड गेल्याचं तिला एव्हाना काही वाटत नव्हतं. 'तिला एवढं समजत नाही' हे मात्र तिच्या छातीत रुतून बसलं.

डोंगरातलं ते एक खेडं घेऊन ती आणखी नऊ दिवस खेळली. रिताने सैन्य पाठवलं, पण डोंगराची वाट अवघड होती. दहाव्या दिवशी खेडंही गेलं आणि पडद्यावर पाटी आली की तुमचं राज्य संपलं आहे. महिनाभराने खेळ संपला तेव्हा नागपूरचा एकजण जिंकला, भुपेंद्र दुसरा आला. हे तिला रिताने कळवलं. शुभांगीला आनंद झाला नाही आणि दुःखही नाही.

मार्चच्या मध्यात ती काठी घेऊन चालायला लागली. ड्यूटीवर रुजू होण्याआधी तिने लॅपटॉप पिशवीत घालून, तुमसरला बस बदलून चिखला गाठलं आणि कॉलनीत भुपेंद्रच्या दारात जाऊन उभी राहिली. तो कामावरून यायचा होता. त्याची बायको खुशबू तांदूळ निवडत बसली होती. तिने शुभांगीला खुर्ची दिली, पायाखाली पाट ठेवला, पाणी आणलं.

"लॅपटॉप परत आणून राहिल्या का? राहू द्यायचा ना. तो त तुमच्यासाठीच म्हणून दुरुस्त करून आणला होता त्याईन."

"काम झालं माझं."

"बरं झालं तुम्ही तरी बसल्या त्याईच्या खेळात," खुशबू हसत म्हणाली. "दिवाळीपासून माह्या मागं लागले होते, तू बस, तू बस, शेजारची जागा खाली आहे, तुले काही करावं नाही लागत, मी सांगतो तसं करायचं. मी म्हटलं मले कुठं वेळ आहे. मग तुमचा पाय मोडला तं..."

ती मध्येच थांबली. आपण काय बोलून गेलो ते तिला कळलं असावं. तिने सुपातले खडे वेचायला घेतले.

भुपेंद्र आला. अंगावर खाणीची काळपट धूळ होती. शुभांगीला पाहून त्याला खरंच आनंद झाला, ते तिने पाहिलं.

"अरे, चालायला लागली तू. फोन तरी करायचा, मी घ्यायला आलो असतो."

"तीन बुधवार फोन केला मी. तू उचलला नाही."

तो हात धुवायला मोरीत गेला. येऊन समोर बसला. खुशबू चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेली.

"मनाले लावून घेतलं तू," तो म्हणाला. "अगं खेळ आहे तो. त्याच्यात मित्राले मारल्याशिवाय कोणी मोठं होत नाही. सगळेच करतात."

"गड घेतले त्याचं नाही बोलून राहिली मी."

"मग?"

"लिफाफा."

तो टॉवेलने एकेक बोट पुसत राहिला.

"तू म्हणाला जाहिरात आहे. मी वहीत लिहून घेतलं दादा. तू सांगतलं म्हणून लिहून घेतलं. मले तर पाळही बांधता येत नव्हती तवा, अन् तुझं ठरून गेलं होतं."

"तसं केलं नसतं तर तू रितासंग गेली असती," भुपेंद्र म्हणाला. हे कारण पुरेसं आहे अशा सुरात म्हणाला. मग त्यालाच ते पुरेसं वाटलं नसावं. "पण बाकी सगळं तर खरंच शिकवलं ना तुले? तलाव, पाट, जंगल? नागपूरवाले विचारून राहिले होते, ही नवीन बाई कोण. मी सांगतलं, माझी बहीण आहे. मले किती बरं वाटलं तुले काय सांगू."

"तू सांगतलं की मले समजत नाही."

त्याने मान खाली घातली. खुशबूने चहा आणून ठेवला. तिघांनीही तो प्यायला. जाताना भुपेंद्र बसस्टॉपपर्यंत सोबत आला. तिच्या काठीच्या वेगाने सावकाश चालत होता. बस आली तेव्हा त्याने तिच्या कोपराला हात दिला. तिने तो झिडकारला नाही, पण पायरीचा दांडा दुसऱ्या हाताने स्वतः पकडला.

"बुधवारी येऊ का?" त्याने खालून विचारलं.

"मी आता आंबागडले असते बुधवारी," ती म्हणाली. ते खरंही होतं.

ती कामावर रुजू झाली. रिताशी तिचं अधूनमधून बोलणं व्हायचं. जूनमध्ये रिताने नव्या खेळात जागा देऊ केली आणि शुभांगी बसली. रूमवर भावाच्या नव्हे, स्वतः घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर. यावेळी ती बरी खेळत होती. पण रिता काही सांगायला लागली की शुभांगी म्हणायची, "थांबा, पहिले मले ते पान वाचू द्या." दोनतीनदा असं झाल्यावर रिता म्हणाली, "मी तुम्हाला खोटं सांगत नाही हो." शुभांगी ओशाळली. तरी तिने पान वाचलंच. त्यानंतर रिताने स्वतःहून काही सुचवणं कमी केलं.

भुपेंद्रचे फोन यायचे. ती बोलायची. तो विचारायचा, आत्या कशी आहे, पाय दुखतो का; ती विचारायची, मामा कसे आहेत. केशरबाईला काहीच वेगळं जाणवलं नाही. ती एकदा एवढंच म्हणाली, "भूपेंदर येत नाही आता जास्त." सोमाजींनी तलावांची चौकशी केली तेव्हा शुभांगीने सांगितलं की ते राज्य संपलं.

ऑगस्टमध्ये गस्तीवर तिच्यासोबत तुलाराम होता. पन्नाशी ओलांडलेला वनमजूर, जन्म त्याच जंगलातला. शुभांगी सहा वर्षांपूर्वी बीटवर आली तेव्हा पायवाटा तिला त्यानेच दाखवल्या होत्या. एवढ्या वर्षांत त्याचा शब्द कधी चुकला नव्हता. पहिला नाला आला. पाणी गढूळ होतं, तळ दिसत नव्हता.

"इथून उतरा मॅडम," तुलाराम म्हणाला. "गुडघ्याएवढंच आहे."

शुभांगीने पाऊल उचललं आणि परत काठावर ठेवलं. बाजूच्या झुडपाची फांदी तोडली, पानं ओरबाडली आणि पाण्यात जागोजाग टोचून पाहिली. तुलाराम काठावर उभा राहून पाहत होता. पाणी गुडघ्याएवढंच होतं.

"पाय दुखून राहिला का?" त्याने विचारलं.

"नाही."

ते पलीकडे गेले. अर्ध्या तासाने दुसरा नाला लागला. तिथे तुलारामने पाणी किती ते सांगितलं नाही. त्याने एक सरळ फांदी पाहून तोडली, कोयत्याने तासली आणि तिच्या हातात दिली. मग पाठ करून, तिचं मोजून होईस्तोवर, तो विडी पेटवत उभा राहिला.